मांजर, बुलबुल आणि दोन फूट पीव्हीसी पाइप

शेजारची मांजरं बागेतल्या पक्ष्यांवर टपून बसायला लागली की लोक आधी ऑनलाइन यंत्रं शोधतात, पैसे घालवतात आणि मग हार्डवेअरच्या दुकानात जातात. क्रम उलटा हवा. या कामासाठी मिळणाऱ्या साधनांपैकी सर्वांत चांगलं साधन ‘मांजर पळवणारं’ म्हणून विकलंच जात नाही. ड्रेनेजसाठी लागणारा तो साधा पाइप आहे. पण त्याआधी ज्यांची जाहिरात जास्त होते त्या वस्तू पाहू. निकष तीनच: मांजराचं येणं कमी होतं का, पक्षी यायचे थांबत नाहीत ना, आणि मे महिन्याच्या उन्हात व जुलैच्या पावसात वस्तू टिकते का.

मांजराची पद्धत माहीत असेल तर निम्मा खर्च वाचतो. ते कुंपणाच्या झुडपाखाली दबा धरून बसतं आणि शेवटचे दोन-तीन मीटर झेप घेतं. त्यामुळे जमिनीवर दाणे किंवा किडे टिपणारे पक्षी आधी सापडतात: साळुंकी, होला, चिमणी, दयाळ, सातभाई. दुसरा बळी पिल्लांचा. बुलबुल कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर, मेंदीच्या किंवा कामिनीच्या झुडपातही घरटं करतो. पिल्लं साधारण बारा दिवसांत घरट्याबाहेर येतात, तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ती खालच्या फांद्यांवर आणि जमिनीवर असतात. आपल्याकडे बुलबुलांची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते जून, शिंपी पक्ष्याची पावसाळ्यातही. खर्च करायचा तर तो फेब्रुवारीच्या आत केलेला बरा.

अल्ट्रासॉनिक यंत्र

हिरव्या किंवा काळ्या प्लॅस्टिकचा डबा, वर सौर पट्टी, समोर सेन्सर आणि स्पीकर, खाली जमिनीत रोवायची खुंटी. ऑनलाइन साधारण हजार-दीड हजारांत मिळतो. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ८० च्याही वर, आणि बहुतेक पक्ष्यांना १० च्या पुढे फारसं काही ऐकू येत नाही. म्हणजे तत्त्व बरोबर आहे: मांजराला त्रास होईल आणि पक्ष्याला पत्ताही लागणार नाही.

प्रत्यक्षात काय होतं? ब्रिटनच्या आरएसपीबी या पक्षीसंवर्धन संस्थेच्या संशोधकांनी कॅटवॉच नावाच्या यंत्राची घरगुती बागांमध्ये चाचणी घेतली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोनपैकी एका प्रयोगात मांजर बागेत शिरण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी घटली आणि आलेल्या मांजराचं रेंगाळणंही कमी झालं. परिणाम हळूहळू वाढत गेला. म्हणजे यंत्र अगदीच फसवं नाही, पण तीनपैकी दोन फेऱ्या चालूच राहिल्या. शिवाय ते चांगल्या बनावटीचं, चाचणीला उतरलेलं यंत्र होतं. आपल्याकडे त्याच आकाराच्या डब्यात जे विकलं जातं त्यात स्पीकर काय दर्जाचा आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

घेतलंच तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आवाज सरळ रेषेत जातो, दाट पानांत अडतो आणि भिंतीपलीकडे पोचत नाही. त्यामुळे यंत्र झुडपाच्या आत लपवलं की ते निकामी झालं. ते मांजराच्या वाटेकडे तोंड करून, जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर हवं. मागच्या बाजूला फ्रिक्वेन्सीचं बटण असतं. ते खालच्या टप्प्यावर, १३ ते १८ च्या आसपास ठेवलं तर लहान मुलांना आणि तरुणांना टोचणारी शिट्टी ऐकू येते आणि शेजारी भांडायला येतात. २० च्या वर ठेवावं. पावसाळ्यात ढगाळ दिवस सलग आले की आतली छोटी बॅटरी भरत नाही, म्हणून यूएसबीने चार्ज होणारंच मॉडेल घ्यावं. स्पीकरच्या जाळीतून पाणी शिरणं हा सगळ्यांत नेहमीचा बिघाड. यंत्र पाच-दहा अंश पुढे झुकवून लावलं की बरंच पाणी निथळून जातं. आणि निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं बऱ्याचदा जन्मतःच बहिरी असतात. गल्लीत तसं मांजर असेल तर हा खर्च करूच नये.

उंदरांसाठी प्लगमध्ये लावायचं यंत्र बागेत आणून लावणारेही आहेत. ते बंद खोलीसाठी असतं. मोकळ्या जागेत त्याचा उपयोग नाही.

मोशन सेन्सरचा फवारा

हे साधन खरंच काम करतं. मांजर टप्प्यात आलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि दोन-तीन सेकंद पाण्याचा फटकारा बसतो. आवाज, हालचाल आणि पाणी तिन्ही एकदम आल्यामुळे मांजराला सवय व्हायला वेळ लागतो. ऑर्बिट कंपनीचा यार्ड एन्फोर्सर या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध. चार एए सेलवर चालतो, आणि फक्त दिवसा, फक्त रात्री किंवा कायम अशा तीन सेटिंग असतात. तशाच घडणीचे चिनी फवारे स्वस्तात मिळतात. पण हे सगळे परदेशी अंगणासाठी घडवलेले आहेत, आणि आपल्याकडे अडचण नेमकी तिथेच येते.

पहिली अडचण दाबाची. डोकं नीट फिरून पाणी सात-आठ मीटर जायला साधारण २ बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार मिळतो. एकमजली बंगल्याची टाकी सात-आठ मीटरवर, म्हणजे पाऊण बार, त्यातही लांब पाइपमध्ये थोडा दाब खर्च होतो. फवारा मग मांजराच्या दिशेने नुसती धार सोडतो आणि मांजर ती प्यायला येतं. सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर हेच यंत्र उत्तम चालतं. बंगलेवाल्यांनी अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप असेल तरच विचार करावा, आणि पहाटे पाच वाजता प्रत्येक फवाऱ्यासरशी पंप घरघरणार हेही धरून चालावं. महापालिकेच्या थेट नळाला जोडणं व्यर्थ. पाणी येतं तासभर, मांजर येतं चोवीस तास.

दुसरी अडचण आट्यांची. अमेरिकी बागेच्या पाइपचे आटे इंचाला साडेअकरा, आपल्या पाऊण इंची फिटिंगचे चौदा. दोन वेढे बसतात, मग अडतात, आणि जोर लावला की प्लॅस्टिकचा नट तडकतो. वर टेफ्लॉन टेप गुंडाळून हे मिटत नाही. योग्य अडॅप्टर घ्यावा, नाहीतर क्लिक होणारं क्विक कनेक्टर बसवावं.

तिसरी अडचण पाइपची. एरवी झाडांना पाणी घालताना पाइपमध्ये दाब तेवढ्यापुरता असतो. इथे तो दिवसरात्र असतो. साधा हिरवा पाइप उन्हात मऊ पडून फुगतो आणि नळावरून निसटतो, आणि सोसायटीची टाकी रिकामी होते. नायलॉन ब्रेडेड पाइप आणि दोन्ही टोकांना स्टीलच्या होज क्लिपा, यात काटकसर नको. बोअरचं पाणी असेल तर तोंडाशी वॉशरची जाळी घालावी. क्षार आणि वाळूचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला की तो पूर्ण बंद होत नाही आणि सतत ठिबकत राहतो. महिन्यातून एकदा जाळी काढून धुवावी. एका फवाऱ्याला अर्धा ते एक लिटर पाणी जातं, म्हणजे दिवसाला वीस फवारे झाले तरी एक बादली. टंचाईच्या गावात मात्र एप्रिल-मेमध्ये हेही जड वाटेल.

चौथी गोष्ट माहितीपुस्तिकेत क्वचितच असते. हा सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात फरशी आणि भिंत मांजराच्या अंगाइतकी किंवा त्याहून जास्त तापते, तेव्हा पल्ला चांगलाच आखडतो. उलट, उन्हात हलणारी केळीची पानं त्याला मांजर वाटतात. उपाय असा की सेन्सरचं तोंड सावलीतल्या वाटेकडे ठेवावं, समोरचं दोन मीटर गवत-पानं छाटावीत आणि संवेदनशीलता मधल्या खुणेवर ठेवावी. पहाटे जमीन गार असते आणि पक्षीही तेव्हाच जास्त खाली उतरतात, त्यामुळे कामाच्या वेळी सेन्सर ठीक चालतो. फवारा दाण्याच्या थाळीकडे कधीही रोखू नये. कावळे आणि कबुतरं त्याला सुरू करतात आणि भिजतात बाकीचे. तो रोखायचा मांजर भिंतीवरून जिथे उतरतं त्या जागेवर. सेल अल्कलाइनच घालावेत. साध्या सेलवर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो.

दूधवाला, पेपरवाला आणि सोसायटीचे अध्यक्ष यांच्यातला फरक त्याला कळत नाही, हे सेटिंग ठरवताना लक्षात ठेवावं.

खांब आणि नळकांडं

आता मुख्य वस्तू. मांजराला बागेतून हाकलण्यापेक्षा पक्ष्यांचं खाणंच त्याच्या आवाक्याबाहेर नेणं सोपं आणि टिकाऊ पडतं. लागतं ते सगळं सॅनिटरी-हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, नाहीतर कोणत्याही तालुक्याच्या गावी.

एक इंची बी क्लास जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आठ फूट, हा खांब. दुकानदार वीस फुटी नगातून कापून देतो. १६० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप दोन फूट, हे नळकांडं, आणि त्याच्या तोंडावर बसणारं झाकण, म्हणजे एक एंड कॅप. एक स्टीलची होज क्लिप. एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल खड्डा आणि त्यासाठी १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, म्हणजे १८-२० किलो सिमेंट. दाण्याच्या थाळीखाली पाइपला बसणारा फ्लँज, म्हणजे भोकं असलेली चकती.

एंड कॅपच्या मधोमध होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) ३८ ते ४० मिलिमीटरचं भोक पाडायचं, कॅप नळकांड्याच्या वरच्या तोंडावर बसवायची आणि ते खांबावरून खाली सोडायचं. एक इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ३४ मिलिमीटर असतो, त्यामुळे कॅप त्यावर सैल बसते, आणि ती सैलच हवी. होज क्लिप जमिनीपासून साडेपाच फुटांवर आवळायची, कॅप त्या क्लिपवर टेकते आणि नळकांडं खाली लोंबतं. त्याचा खालचा काठ साडेतीन फुटांवर येतो. मांजर खांबाला बिलगून वर आलं की नळकांड्याच्या आत शिरतं आणि कॅपला डोकं लागून थांबतं. बाहेरून उडी मारली तर गुळगुळीत पीव्हीसीवर नखं रुतत नाहीत, आणि नळकांडं हलत असल्यामुळे पकडही मिळत नाही. हाच अडथळा खारीला आणि उंदरालाही थोपवतो.

चुका ठरलेल्या आहेत. पैसे वाचवायला ११० मिलिमीटरचा पाइप घेतात. तो मांजराच्या पुढच्या पायांच्या मिठीत मावतो. प्लंबर सवयीने नळकांडं सोल्यूशनने किंवा स्क्रूने घट्ट करून टाकतो. मग ते हलत नाही. खांबाला ग्रीस किंवा तेल फासतात. हे तर अजिबात करू नये. ते पिसांना लागलं की पक्ष्याला ते काढता येत नाही, पिसांचं पाणी झटकण्याचं काम थांबतं. काँक्रीट ओलं असतानाच थाळी बसवतात आणि खांब कलतो. सात दिवस पाणी मारून मग वजन घालावं. कॅपच्या खाली गांधीलमाश्या पोळं करतात, ते महिन्यातून एकदा वाकून पाहावं.

सर्वांत मोठी चूक जागेची. खांब कितीही चांगला असला तरी मांजराला बाजूने झेप घेता आली तर सगळं फुकट. थाळीपासून सात-आठ फुटांच्या आत भिंत, एसीचं बाहेरचं युनिट, खिडकीचा सज्जा, पायऱ्यांचा कठडा काही नको. वर नऊ फुटांपर्यंत लोंबणारी फांदी नको. संध्याकाळी कोणी खाली स्कूटर लावतं का तेही बघावं. पण पार उघड्या मैदानातही थाळी नको. शिक्रा हा शिकारी पक्षी आला तर पक्ष्यांना दडायला झुडूप दहा-बारा फुटांवर असावं. त्याच झुडपाखाली मांजर बसू नये म्हणून खालच्या फूटभर उंचीच्या फांद्या छाटून बूड मोकळं करावं. लपायला जागा उरली नाही की ते तिथे बसत नाही.

खांब पुरायची सोय नसेल आणि थाळी झाडालाच टांगायची असेल, तर खोडाला दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा जमिनीपासून तीन फुटांवर गुंडाळावा. खिळे ठोकू नयेत. दोन टोकं स्प्रिंगने जोडावीत, म्हणजे खोड वाढलं तरी साल दबत नाही. शेजारच्या झाडाची फांदी चिकटत असेल तर पत्रा लावूनही काही होत नाही.

दाणे आणि पाणी

खांबाइतकाच फरक दाण्यांच्या शिस्तीने पडतो, आणि त्याला खर्च शून्य. खाली सांडलेले दाणे होले, चिमण्या आणि साळुंक्यांना जमिनीवर उतरवतात, उंदरांना रात्री बोलावतात, आणि उंदरांमागे मांजर येतंच. थाळी दीड फूट व्यासाची, कडेला पाऊण इंच काठ आणि तळाला निचऱ्याची भोकं अशी हवी. सकाळी तासाभरात संपेल तेवढंच घालावं, सुरुवात दोन मुठींनी करावी. बाजरी, राळे, तांदळाची कणी पुरेत. बाजारातल्या मिश्र पाकिटात पक्षी नको असलेला दाणा उडवून टाकतात, आणि तोच खाली साठतो. बुलबुलाला आणि शिंजिराला दाण्यांचं काही नसतं. एकाला पपईची फोड, दुसऱ्याला फुलं.

पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवण्याची पद्धत मांजराच्या सोयीची आहे. पिसं भिजलेला पक्षी पटकन उडू शकत नाही. भांडं गुळगुळीत स्टँडवर तीन-साडेतीन फुटांवर, झुडपापासून दहा फूट दूर, पाणी दीड-दोन इंचच. रोज ओतून, घासून भरावं. डासांच्या अळ्यांचा प्रश्नही त्यातच सुटतो.

स्पाइक मॅट आणि जाळी

प्लॅस्टिकच्या बोथट टोकांच्या मॅट मांजराला इजा करत नाहीत, फक्त पाय ठेवणं नकोसं करतात. नऊ इंची भिंतीवर एक ओळ लावून भागत नाही, मांजर उरलेल्या पट्टीवरून निवांत चालतं. पूर्ण रुंदी झाकावी लागते आणि मग खर्च वाढतो. उन्हात वर्ष-दोन वर्षांत टोकं तुटायला लागतात. कुंड्यांची माती उकरणं थांबवायला मात्र या ठीक आहेत. झुडपाखालच्या दबा धरण्याच्या जागेवर छाटलेल्या बोगनवेलीच्या किंवा लिंबाच्या काटेरी फांद्या चार-पाच इंच जाड पसरल्या तर तेच काम फुकटात होतं.

घरटं असलेल्या झुडपाभोवती अर्धा इंची कोंबडी जाळीचं दोन फूट उंच कडं करता येतं. ते झुडपापासून तीन फूट बाहेर, वरचा सहा इंच भाग न ताणता बाहेर झुकलेला ठेवावा. डुगडुगणाऱ्या काठावर मांजर चढायला कचरतं. घरट्यात अंडी असताना खटपट केली तर बुलबुल घरटं सोडूनही देतो, म्हणून हे आधीच करावं. नाहीतर अंडी फुटून पिल्लं आल्यावर दहा मिनिटांत उरकून बाजूला व्हावं. बारीक नायलॉनची सैल जाळी बागेत कधीच नको. त्यात शिंजीर अडकतात आणि धामणही अडकून मरते.

वास, पूड आणि बाटल्या

डांबरगोळ्या आणि फिनेल दोन्ही मांजरांना विषारी आहेत, फिनेल तर विशेष, कारण त्यातली द्रव्यं मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही. मिरचीपूड डोळ्यांत आणि पंजांवर जाते, कॉफीचा चोथा खाल्ला तर अपाय होतो. संत्र्याची सालं निरुपद्रवी, पण दुसऱ्या दिवशी वास संपतो. तयार स्प्रे पहिल्या पावसात धुऊन जातात. गेटवर निळीच्या किंवा लाल पाण्याच्या बाटल्या ठेवण्याबद्दल एवढंच की त्यांच्या शेजारी झोपलेली मांजरं कुठल्याही गल्लीत बघायला मिळतात.

पट्टा

मांजर पाळीव असेल आणि मालकाशी बोलणं होत असेल तर इथे हाताशी ठोस माहिती आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घुंगरामुळे शिकारीत ठळक फरक दिसला नाही. गळपट्ट्यावर चढवायच्या बर्ड्सबीसेफ या रंगीत कापडी झालरीने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना भडक रंग लांबूनच दिसतात. मांस जास्त आणि धान्य नसलेल्या खाण्याने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटं मालकाने खेळवल्याने २५ टक्क्यांनी कमी झाली. झालर आपल्याकडे सहज मिळत नाही, पण लाल-पिवळ्या छापील सुती कापडाची दोन इंच रुंद नळी कोणीही शिवून देईल. आतला पट्टा मात्र ओढ बसल्यावर आपोआप सुटणाऱ्या बकलचाच हवा, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जावीत.

सोसायटीतल्या बेवारशी मांजरांना पट्टा घालता येत नाही. त्यांना खाऊ घालणाऱ्या काकूंशी किंवा दादांशी वाद घालण्यापेक्षा भांडं इमारतीच्या दुसऱ्या अंगाला ठेवायला आणि अर्ध्या तासात उचलायला सांगावं, आणि नसबंदीच्या खर्चात वाटा उचलावा. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, पण नसबंदी झालेलं कमी भटकतं आणि दर मोसमाला नवी पिल्लं होत नाहीत. पोत्यात घालून लांब सोडून आलं तर रिकाम्या जागेत दुसरं मांजर येतं. विष घालणं तर गुन्हाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालीही.

एवढं करूनही एखादा पक्षी मांजराच्या तोंडातून सुटून हाती आला, तर जखम दिसत नाही म्हणून सोडून देऊ नये. मांजराच्या तोंडातले पाश्चरेला जिवाणू बारीकशा ओरखड्यातून रक्तात जातात आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षी एक-दोन दिवसांत मरतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात ठेवावा, चोचीत पाणी ओतू नये, आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावा. अँटिबायोटिक लागतं, आणि ते पक्ष्याच्या वजनाप्रमाणे तेच ठरवतात.